हरणीचं दर्शन

सुभद्राबाईला मिळायचं होतं ते एवढंच: एक कालवड, जमल्या तर दोन. गाय तर जाणारच होती. एकोणीस सालच्या दुष्काळात छावणीत नुसते उसाचे वाढे खाऊन लाल कंधारी हरणीच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. माजलगावकडच्या एका दूध संघाच्या लॅबमधल्या मॅडमनी ती जिवंत असतानाच सुईनं तिची अकरा स्त्रीबीजं काढून घेतली. पाऊस झाला की दुसऱ्या गाईच्या पोटी हरणीची लेक, असं ठरलं. चौथ्या दिवशी हरणी गेली. सुभद्राबाई रडली नाही. एक गेली, अकरा आत आहेत, असा तिचा हिशोब.

बीज गोठवताना त्यातल्या पाण्याचा बर्फ झाला, तर बीज आतून फाटतं. म्हणून मॅडमनी ती आधी औषधात बुडवली, आतलं पाणी कमी केलं आणि क्षणात द्रव नायट्रोजनमध्ये सोडली. बर्फ व्हायला सवडच ठेवली नाही. पुढं पथ्य एकच, बीजं भरलेल्या बारीक नळ्या, म्हणजे कांड्या, त्या थंडीतून वर काढायच्या नाहीत. नायट्रोजनच्या भांड्याची चावी लॅबमधल्या मदतनीस सुग्रीवकडे.

पहिल्याच सोमवारी सुभद्राबाई लॅबच्या दारात.

"सुग्रीवा, हरणी दाव की रे."

"मावशी, दिसायला काय हाय तिथं? काडीएवढी कांडी."

"पिंडीला तरी कुठं नाकडोळे हायेत? जाताव की आपण दर्शनाला."

सुग्रीव मऊ मनाचा, आणि कुणी चावीसाठी आर्जव केलेलं त्याला आवडायचं. त्यानं कांड्यांचा डबा भांड्याच्या तोंडापाशी वर ओढला. पांढरी वाफ सांडली आणि सुभद्राबाईच्या मनगटांवरून खाली उतरली.

"श्वास घेतीया," ती म्हणाली. सुग्रीव हसला.

मग दर सोमवारी तेच. चैत्रापासून त्याला हसू येईना. एकटा असतानाही भांड्याजवळून तो अंग चोरून जायचा, गोठ्यात गाईमागून जावं तसा. एकदा त्यानं मॅडमना विचारलं, "नायट्रोजनला शेणाचा वास येतो का हो?"

"कसलाच येत नाही," मॅडम म्हणाल्या. हा वास घ्यायला झाकण कधी उघडलं, हे त्यांनी विचारलं नाही.

पाऊस भादव्यात आला. मॅडमनी कांड्या कोमट द्रावणात सोडल्या आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून मान वर केली नाही.

"सगळी फाटलीत. कुणीतरी हे पुन्हापुन्हा वर काढलंय. दर वेळी जरा ऊब लागली, आत बर्फ धरला."

सुग्रीवनं चावी टेबलावर ठेवली.

"म्हंजे म्याच मारली?" सुभद्राबाईनं विचारलं. "पर परवाच्या सोमवारी बी श्वास घेत हुती की."

त्याच डब्यात धर्मापुरीच्या ज्ञानोबाच्या मेलेल्या गाईची सहा बीजं होती. ती दर वेळी हरणीबरोबर वर आली, हरणीबरोबर खाली गेली. उघडायचं नाही म्हणून मॅडमनी त्याला सांगितलेलं. ज्ञानोबा कधी बघायलाही आला नव्हता.

एकूण सतरा गेली. सुभद्राबाईची अकरा, पण तिला पंचवीस सोमवार गाय भेटली. सुग्रीवची चावी गेली. ज्ञानोबाची सहा गेली, आणि त्याला काहीच भेटलं नाही.