मेहरुनबीची खुर्ची

लोणावळ्याच्या बाजारात सरदारचं प्लॅस्टिकच्या सामानाचं दुकान आहे. त्या दुकानातली सगळ्यात भारी, हातांची खुर्ची त्याने आईसाठी घरी आणून ठेवली होती, आणि मेहरुनबीला जगात कशाचा राग असेल तर त्या खुर्चीचा.

गेल्या पावसाळ्यात ती मोरीत घसरली. हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडतं कसं, म्हणून डॉक्टरांनी तपासणी करवली, तर हाडं ठिसूळ निघाली. "गोळ्या घ्या, आणि हात बरा झाला की जाणत्या माणसाकडून वजनं उचलायला शिका," डॉक्टर म्हणाले. "हाडांवर भार पडला तर ती टिकतात." सरदार शेजारीच बसला होता. त्याने 'ठिसूळ' तेवढं ऐकलं आणि पुढे कानांना कुलूप लावलं.

झालं! घरात मेहरुनबीची काचेची बरणी झाली. तिने पाण्याचा तांब्या उचलला तरी सून अफसाना पोळी तव्यावर टाकून धावत यायची. नमाजालाही खुर्ची. आजाऱ्याला खुर्चीवर चालतं, हे तिला ठाऊक होतं. पण माहेरी, बेडशाच्या विहिरीवरून एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर घेऊन आलेली बाई ती! सासष्टाव्या वर्षी आपलं कपाळ जमिनीपर्यंत पोचत नाही, हे तिच्या जिवाला लागलं होतं.

हात बरा झाला. भांगरवाडीत प्रेरणा नावाची मुलगी दुपारी बायकांना वजनं उचलायला शिकवते असं कळलं, तशी मेहरुनबी पायात चपला घालून तयार.

"अम्मी, हे काय वय आहे का?" सरदार तडकला. "परत मोडलं म्हणजे?"

"न उचलता मोडलंच ना? डाक्तर काय म्हनला ते निम्मंच ऐकलंस तू. ईदला मी खाली नमाज पढनार. कुनाचा हात न धरता उठनार. न्हाई जमलं तर मरेपर्यंत बसंन तुझ्या खुर्चीवर, चकार शबुद काढनार न्हाई."

आता एवढं बोलून बसल्यावर मागे फिरायची सोय राहिली नाही.

प्रेरणा बेडशाचीच निघाली, तिथल्या जुन्या शेजारणीची, मुक्ताबाईची नात. मग काय, माहेरच्या पोरीसमोर मेहरुनबीने पहिल्याच दिवशी थेट दहा किलोला हात घातला. प्रेरणाने ते वजन काढून घेतलं आणि तिच्या हातात एकेक किलोची दोन डंबेल्स दिली.

"मावशी, हंडे पन्नास वर्षांपूर्वीचे. हाडं आजची."

मेहरुनबीला असा राग आला की घरी येऊन तिने चपला कोपऱ्यात भिरकावल्या. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेआधी पाच मिनिटं हजर.

आधी उंच स्टुलावरून उठायचं, दहा वेळा. मग बुटक्या स्टुलावरून, मग पाटावरून. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकायचं. एक किलोचे दोन झाले, दोनाचे पाच. तिसऱ्या महिन्यात पाटावरून उठताना तिचा तोल गेला. प्रेरणाने सावरलं म्हणून बरं. त्या रात्री घरच्यांना कळू न देता ती उशीत तोंड घालून रडली. रोज्यांच्या महिन्यात प्रेरणाने वजन कमी केलं, खाडा मात्र करू दिला नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यात मेहरुनबीने वीस किलोची दांडी जमिनीवरून उचलून सरळ उभी राहून दाखवली होती. तेव्हा सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि ती नव्या नवरीसारखी लाजली.

ईदच्या दुपारी शीरखुर्मा झाला, पाहुणे झाले. जोहरच्या नमाजासाठी बायकांनी आतल्या खोलीत चटया अंथरल्या. सरदार सवयीने खुर्ची घेऊन आला. मेहरुनबीने नुसतं पाहिलं. त्याने खुर्ची भिंतीला लावली आणि पडलीच तर धरायला म्हणून दारातच उभा राहिला.

ती वाकली. गुडघे टेकले, हात टेकले, आणि सात-आठ महिन्यांनी तिचं कपाळ जमिनीला लागलं. थंडगार फरशी चटईतूनही जाणवली. तिथेच तिचे डोळे भरून आले. पण खरी परीक्षा उठण्याची होती. तिने पावलं रोवली, पाठ सरळ केली आणि उठली. एकदा ती जराशी कलली, तसा सरदारचा हात पुढे आला. तो हात तिने बघितलासुद्धा नाही. चारही रकात, नमाजाच्या चारही फेऱ्या, तिने तशाच पढल्या.

सलाम फिरवून तिने नमाज संपवला, तसा सरदार येऊन तिच्यासमोर मटकन खाली बसला.

"अम्मी, चुकलो मी."

"व्हय, चुकलास," ती म्हणाली. माफ करायची घाई तिला अजिबात नव्हती. आज तिला स्वतःचाच लय अभिमान वाटत होता आणि तो तिला पुरता चाखायचा होता.

मग ती उठली, सहज. सरदारही उठायला गेला. शेहेचाळीस वर्षांचा, दुकानाच्या गल्ल्यावर बसून बसून पोट सुटलेला. एक हात गुडघ्यावर, दुसरा चाचपडत खुर्चीकडे, तोंडाने "या अल्लाह". अर्ध्यात जाऊन परत खाली.

मेहरुनबीने पाय फाकवून रोवले, पाठ सरळ केली आणि हात पुढे केला. उजवा, मोडलेला.

"धर."

तिने ओढलं आणि सरदार उभा राहिला. अफसाना तोंडाला पदर लावून हसत होती. खुर्ची उचलून बाहेर न्यायला ती वाकली, तसं मेहरुनबीने तिला थांबवलं.

"राहू दे गं ती हितंच. माझ्या पोराला लागंल."