तेरा किलोची अट

गजानन देवपुजारींच्या इंद्रपुरीतल्या घरी बिट्टी एकूण एकोणसत्तर दिवस राहिली. त्याला आता दोन हिवाळे उलटले. हा आकडा देवपुजारींना आठवावा लागत नाही. काही माणसांना आपल्या पहिल्या सायकलचा नंबर कायम पाठ असतो, तसा तो त्यांच्यापाशी असतोच.

जवळच्याच अवजड यंत्रांच्या कारखान्यात, धातूंची परीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांची चौतीस वर्षं गेली. ओतकामाचा तुकडा कापायचा, घासायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि दिसेल तेवढंच लिहायचं, हे त्यांचं काम. कामगार पाठीमागे त्यांना ‘मायक्रॉन साहब’ म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी कधी हरकत घेतली नव्हती.

योगिनी ही त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी, जन्मापासून हिंदी मुलखात वाढलेली. ती भटक्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या गटात होती. नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती पुठ्ठ्याचा खोका घेऊन दारात उभी राहिली. खोक्यात बरगड्या आणि दोन डोळे होते.

“काका, बस, थोड्याच हफ्त्यांचा सवाल आहे. बिट्टन मार्केटात भाजीच्या ठेल्याखाली सापडली. शेल्टरमध्ये बाकीचे कुत्रे हिला खाऊच देत नाहीत.”

“मला कुत्र्यांचा काडीचा अनुभव नाही,” देवपुजारी म्हणाले.

“म्हणून तर तुमच्याकडे आणली. अनुभववाले लोग फार लाड करतात.”

अट सरळ होती. कुत्रीचं वजन नऊ किलो दोनशे ग्रॅम होतं. ते तेरा किलो झाल्याशिवाय नसबंदीच्या शस्त्रक्रियेची भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हते, आणि शस्त्रक्रियेशिवाय गट कुत्री दत्तक देत नसे. ती झाली की कोलार रोडला एकट्या राहणाऱ्या निवृत्त परिचारिका सुमित्रा कविश्वर कुत्रीला घेऊन जाणार होत्या. तोवर दर रविवारी वजन घेऊन योगिनीला कळवायचं.

देवपुजारींनी नवी वही काढून पहिल्या पानावर लिहिलं : ‘कुत्री, मादी, वय अंदाजे दोन वर्षं.’

“कुत्री, आणि वर मादी?” त्यांच्या पत्नी सिंधूताई खांद्यावरून डोकावल्या. बोलण्यातलं नागपूर त्यांनी चाळीस वर्षांत सोडलं नव्हतं. “बाप्पा, किती ती अचूकता! नाव काय लिहिता?”

“नाव नको. ती इथे राहणार नाही.”

“बिट्टन मार्केटची ना? मग बिट्टी,” असं म्हणून सिंधूताई भात टाकायला गेल्या.

पहिले नऊ दिवस बिट्टी व्हरांड्यातल्या लाकडी बाकाखाली भिंतीला चिकटून होती. कुणी पाहत असेल तर ती खात नसे. वाटी ठेवून आत जावं, दार लावावं आणि अर्ध्या तासाने यावं, तर वाटी रिकामी आणि कुत्री जागच्या जागी. देवपुजारींनी भीतीची कारणं शोधायला घेतली, पण रोज एकच गोष्ट बदलून. एक दिवस चपला न घालता गेले. एक दिवस चष्मा काढून. एक दिवस सिंधूताईंना झाडू न मारण्याची विनंती केली, जी त्यांनी आनंदाने मान्य केली. शेवटी सापडलं ते गोणपाट. पायपुसणं म्हणून टाकलेला तो तुकडा उचलल्यावर तिचं थरथरणं निम्म्यावर आलं. ‘कारण अज्ञात,’ त्यांनी वहीत नोंदलं.

“अज्ञात कसलं? कुणीतरी पोत्यात घातलं असणार लेकराला,” सिंधूताई म्हणाल्या.

“पुरावा नाही.”

“ती थरथरते, तो काय मग?”

वजन घेणं ही वेगळी अडचण होती, कारण तिला हात लावता येत नव्हता. त्यांनी न्हाणीघरातला काटा आधी पाच लिटर पाण्याच्या दोन कॅनांनी तपासून घेतला, व्हरांड्याच्या टोकाला ठेवला, त्यावर फळी टाकली आणि फळीच्या पलीकडे वाटी. खायचं तर फळीवर उभं राहावं लागे. काट्याचा आकडा समोर टेकवलेल्या आरशात पडे आणि देवपुजारी तो स्वयंपाकघराच्या जाळीआडून उलटा वाचत. फळीचं वजन वजा करत. नऊ आठशे. दहा पाचशे. अकरा शंभर. आलेखावरची रेघ वर सरकत होती, आणि निवृत्तीनंतर प्रथमच त्यांना रविवार आणि सोमवार यांतला फरक जाणवू लागला.

तिसाव्या दिवशी संध्याकाळी ते दूध घेऊन परतले, तर बिट्टी फाटकाच्या आत उभी होती. बाकाखाली नव्हे, फाटकाशी. ते थांबले. तीही थांबली होती. वहीत त्या दिवशीची नोंद आहे : ‘शेपटीच्या टोकाची हालचाल, साधारण चार सेंटिमीटर.’

जे लिहिलं नाही ते असं. कारखान्याच्या वसाहतीत राहत होते तेव्हा पाचचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा बाहेर पडे, आणि पाच वाजून दहा मिनिटांनी देवपुजारी आपल्या क्वार्टरच्या वळणावर येत. तिथून फाटक दिसे. फाटकाच्या खालच्या दांडीवर पाय देऊन त्यांची लेक मधुरा उभी असे, एका हातात पोळीचा लाडू. सायकल दिसली की ती हाक मारत नसे, फक्त फाटक झुलवायला लागे. क्वार्टरचे ओळीने लावलेले गुलमोहर, शेजारच्या घरातल्या रेडिओवरच्या बातम्या, सिंधूताईंचं अंगणातूनच “डबा आधी विसळा!” हे सगळं त्या फाटकाच्या कुरकुरण्याला जोडलेलं होतं. मधुरा मोठी झाली, पुण्याला गेली. क्वार्टर सोडलं, स्वतःचं घर झालं. मग जवळजवळ वीस वर्षं त्यांची वाट पाहत फाटकाशी कुणी उभं राहिलं नव्हतं, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्रेचाळिसाव्या दिवशी काट्यावर तेरा किलो शंभर ग्रॅम आले.

देवपुजारींनी आकडा दोनदा वाचला. मग योगिनीला संदेश पाठवला : ‘बारा सहाशे.’ वहीतही तेच लिहिलं. पुढच्या रविवारी तेरा चारशे होते. त्यांनी बारा सातशे कळवले.

त्या दुपारी सिंधूताई वही चाळत होत्या. बिट्टी त्यांच्या पायाशी, पोट वर करून झोपली होती.

“अहो, ही काल दोन पोळ्या, भात आणि कोंबडीचं पाणी खाऊन ढेकर देऊन राहिली होती. अन् आठवड्यात शंभर ग्रॅम?”

“वाढीचा वेग पुढे मंदावतो.”

“हो का.” त्यांनी वही मिटली. “तेव्हा कारखान्यात मार्चअखेरीस साहेबाने इतकं समजावलं, तरी त्या तडा गेलेल्या ओतकामावर तुम्ही सही नव्हती केली. महिनाभर घरात कुणाशी बोलले नाही. आठवते?”

देवपुजारींनी वही त्यांच्या हातून घेऊन कपाटात ठेवली.

“मी काही म्हटलं नाही,” सिंधूताई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

मंगळवारी योगिनीचा फोन आला. “काका, वजन अटकलंय ना. सुमित्रा मावशी दोन महिने रुकल्यात. गटातले म्हणतात, त्यांना दुसरी कुत्री देऊन टाकू, ती रेडी आहे. बिट्टीसाठी पुढे कोई ना कोई मिळेल. डरपोक कुत्र्यांना टाइम लागतो, पर तुमच्याकडे ठीक आहे ना ती?”

म्हणजे त्यांना हवं होतं तेच आपोआप घडत होतं. फक्त ‘हो, ठीक आहे’ म्हणायचं होतं. बिट्टी समोर बसली होती. ती दोन वर्षांची, ते अडुसष्ट वर्षांचे. मागच्या उन्हाळ्यात गुडघ्यासाठी त्यांना तीन आठवडे पुण्यात राहावं लागलं होतं, पुढच्यात कदाचित अधिक. वजाबाकी त्यांना चांगली येत होती.

“योगिनी, मागची दोन्ही वजनं चुकीची आहेत. ती तेराच्या वर आहे. नऊ दिवस झाले.”

“मशीन खराब आहे का?”

“यंत्र ठीक आहे. मी चुकीचं सांगितलं.”

 ती हसली, पण हळू. “काका, तुम्ही? अरे देवा. पप्पांना सांगितलं तर त्यांना चक्कर येईल.”

“सांग. त्यांना कळायला हवं. आणि कविश्वरबाईंना थोडं थांबायला सांग, दुसरी कुत्री देऊ नका.”

शनिवारी शस्त्रक्रिया झाली. टाके सुकेपर्यंत सुमित्राबाई रोज दुपारी येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बिट्टीकडे पाठ करून बसत आणि स्वेटर विणत. एकदाही त्यांनी तिला बोलावलं नाही. सहाव्या दिवशी बिट्टीने त्यांच्या लोकरीच्या गुंड्याचा वास घेतला. देवपुजारींना त्यांची पद्धत पसंत पडली, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं.

न्यायच्या दिवशी रिक्षा फाटकाशी उभी राहिली. बिट्टी पायऱ्या उतरली आणि थांबली. पट्टा ताणला गेला. ती मागे वळून देवपुजारींच्या पायांकडे येऊ पाहत होती.

“भाऊसाहेब,” सुमित्राबाई म्हणाल्या, “तुम्ही आत जाता का? तुम्ही दिसताय तोवर ती यायची नाही.”

म्हणणं बरोबर होतं. ते आतल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि पलंगावर बसले.

“फाटकापाशी गेली,” बाहेरून सिंधूताईंचा आवाज आला. “थांबली. मागं पाहून राहिली.”

“मला सांगू नकोस.”

“बाई काही ओढत नाहीत हो तिला. नुसत्या उभ्या आहेत.” देवपुजारी पलंगावरच्या चादरीच्या चौकटी मोजत राहिले. “चढली. आपली आपण चढली.”

रिक्षा सुरू होऊन वळणापर्यंत गेल्याचं ऐकू आलं. थोड्या वेळाने सिंधूताई चहाचे दोन कप घेऊन आत आल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. दोघांनी त्या दिवशी चहा तिथेच घेतला. व्हरांड्यात जायची कुणालाच घाई नव्हती.