चार बोटं कापड

आस्लाउगच्या हातचा बुनाड, म्हणजे सणासमारंभाचा पारंपरिक लोकरी पोशाख, अंगात शिरत नाही, अशी तक्रार गावात आजवर कुणी केली नव्हती. माणसं जाड होतात, बारीक होतात, बायका बाळंत होतात, म्हातारपणी खांदे उतरतात. सणाचा बुनाड मात्र एकच असतो आणि तो जन्मभर पुरवायचा असतो. म्हणून आस्लाउग चोळीच्या दोन्ही बाजूंच्या शिवणींत चार चार बोटं माया सोडायची. सतरा मेची, राष्ट्रीय सणाची मिरवणूक जवळ आली की एखादी बाई ओशाळून दारात उभी राहायची आणि बुनाड कपाटात आटला म्हणून सांगायची. आस्लाउग न हसता टीप उसवायची आणि बाईला पुन्हा श्वास घेता येईल एवढी जागा करून द्यायची.

तिच्या पोटच्या मुलीच्या बुनाडात मात्र उसवायला काही उरलं नव्हतं. ते कापड त्या लेकीने, तोरुनने, स्वतःच्या हाताने कापून टाकलं होतं.

सात वर्षांपूर्वी तोरुनचं वजन एकशे सव्वीस किलो होतं. गुडघे बोलायला लागले, साखर वाढली, तेव्हा शहरातल्या इस्पितळात तिने पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. जठराचा बराचसा भाग कापून केळ्याएवढी नळी ठेवली. पहिले काही महिने अर्धं उकडलेलं अंडं खाल्लं की जेवण झालं. पावाचा तुकडा घशाखाली अडायचा, मासा दोन घासांत पुरे व्हायचा. सव्वा वर्षात त्रेचाळीस किलो उतरले. फेरीबोटीवरच्या उपाहारगृहात ती काम करायची, तिथले रोजचे ट्रकवाले तिला नवी बाई समजून नाव विचारायला लागले. तोरुनला आयुष्यात पहिल्यांदा आरशाशी मैत्री झाली, आणि खोटं कशाला बोला, थोडा माजही आला. शेजारणीच्या ताटात काय आहे ते ती बघायची आणि न विचारता सल्ला द्यायची.

त्याच दिवसांत आस्लाउगने तिची चोळी आत घेतली. जास्तीचं कापड मात्र सवयीने शिवणीत दुमडून ठेवलं. तोरुनने घालून बघितली तर काखेखाली दोन्हीकडे जाड वळकट्या. तिने ते कापून टाकायला सांगितलं.

“राहू दे की,” आस्लाउग म्हणाली. “खायला मागतंय का ते तुझ्याकडे?”

“तुला वाटतंय मी परत तशीच होणार. तुझ्यासारखी.”

आस्लाउग अंगाने चांगली भरलेली बाई. तोरुनने टेबलावरची कात्री उचलली, शिवणीला लागून कापड कापलं आणि तुकडे शेगडीत टाकले. तोरुनच्या नऊ वर्षांच्या मुलीने, सुनिव्हाने, टाळ्या वाजवल्या, कारण आई खुशीत होती. आस्लाउगने कात्री पुसून जागेवर ठेवली आणि कॉफी करायला घेतली. त्यावर ती पुढे कधीही बोलली नाही.

तिसऱ्या वर्षी वजन हळूच परतायला लागलं. पाव अजूनही अडायचा, पण बोटीवरची स्वेले अडत नव्हती. लोणी आणि साखर लावलेली ती जाड, मऊ धिरडी घशातून अलगद उतरायची, आणि दिवसाला शंभरेक तोरुनच्या हातून तव्यावर पडायची. एक चव बघायला, एक मोडली म्हणून, एक दमले म्हणून. इस्पितळातून वर्षाच्या तपासणीचं पत्र आलं तेव्हा सहा किलो वाढले होते. तिथल्या नर्सने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की वजन थोडं परत येणं नवलाचं नाही, तसं झालं तर लपवू नका, लगेच या. तोरुनने ठरवलं की आधी सहा किलो उतरवू आणि मग ताठ मानेने जाऊ. सहाचे अकरा झाले. मग ती पत्रं न फोडता ड्रॉवरमध्ये पडू लागली. येरे माझ्या मागल्या म्हणतात तसं होता होता काटा एकशे एकोणीसवर गेला, आणि पोट मात्र कापलेलं ते कापलेलंच राहिलं.

घरात यावर कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे मूग गिळून बसले होते. नवरा ओड्वार बोटीची इंजिनं दुरुस्त करायचा. इंजिनात बिघाड झाला तर तो तासभर बोलेल, बायकोच्या बाबतीत मात्र खिडकीतून हवामान बघायचा. तो टाकून बोलला असता तर निदान भांडता आलं असतं, असं तोरुनला कितीदा वाटलं. बुनाड कपाटात लटकत होता. गेली दोन वर्षं सतरा मेला तिने बोटीवरची पाळी मागून घेतली होती.

यंदा ते चालणार नव्हतं. सुनिव्हा पंधराची झाली होती आणि मे महिन्यात चर्चमध्ये तिचं कन्फर्मेशन, म्हणजे वयात आलेल्या मुलांनी श्रद्धा कायम करण्याचा विधी होता. त्या दिवशी मुलीला तिचा पहिला बुनाड मिळतो. तो आजी शिवत होती. सुनिव्हाने कुणाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं की आजी, आई आणि ती, तिघींनी सारख्याच हिरव्या चोळीचा बुनाड घालून यायचं. तोरुन हो म्हणून बसली होती. हो म्हणताना तिला माहीत होतं की चोळी पुढून वीतभर उघडी राहते.

एप्रिलच्या एका शनिवारी आस्लाउगच्या स्वयंपाकघरात सुनिव्हा स्टुलावर उभी होती आणि आजी तिच्या अंगावर चोळी टाचत होती. तोरुन टेबलाशी बसली होती. शिवणीत चार बोटं कापड दुमडलेलं पोरीने पाहिलं.

“हे कशाला, आजी? काप ना. आईने कसं कापलं होतं, तसं.”

ती हे कौतुकाने म्हणाली. आईचा तो दिवस तिच्या मनात अजून तसाच होता. आस्लाउगने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि प्रथमच मान वळवून लेकीकडे बघितलं. काही न बोलता चालून गेलं असतं. नवा विषय काढता आला असता, सुनिव्हाची उंची, हवा, केकची यादी.

“ठेव ते, आई,” तोरुन म्हणाली. “मी कापलं ते चुकलं. माझा आता मला होत नाही.”

सुनिव्हाचा चेहरा उतरला. “किती होत नाही?”

तोरुनने हाताने वीत दाखवली. पोरगी स्टुलावरून उतरली आणि टाचण्या टोचत होत्या तरी तशीच बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मग हो का म्हणालीस, एवढंच तिने जाताना विचारलं होतं. हो म्हणताना तोरुनला वाटलं होतं की तीन महिन्यांत उतरेल.

आस्लाउगने बुनाड घेऊन यायला सांगितलं. चोळी टेबलावर पसरून तिने शिवणी चाचपल्या आणि मग ती म्हणाली, “दोन्ही बाजूंना नव्या कापडाची पाचर घालावी लागेल.”

पाचर हा शब्द आस्लाउगच्या तोंडून आला, हे गावातल्या कुणालाही खरं वाटलं नसतं. हिच्या डोळ्यांतून चुकीचं बटण सुटायचं नाही. कुणाची ओढणी रेशमाऐवजी नायलॉनची असेल तर ही चर्चच्या पायरीवर सांगायची. पोरं पाठीमागे तिला बुनाड-पोलीस म्हणायची. शिवाय त्या हिरव्या लोकरीची गिरणी केव्हाच बंद झाली होती. नवं कापड आलं ते एका छटेने पिवळट. आस्लाउगने ते खिडकीशी नेऊन बघितलं, मान हलवली आणि तरी कापलं. सुनिव्हाचं काम बाजूला ठेवून, चष्म्यावर भिंग धरून, आठ दिवस तिने त्या दोन पाचरी बसवल्या. भरतकामाची वेल तुटली होती तिथे नव्या कापडावर पानं भरली, जुन्याला जुळतील अशी. नाहीच जुळली. घालून बघितल्यावर चोळी बंद झाली आणि तोरुनला श्वास घेता आला. काखेखाली दोन पट्टे मात्र लांबून दिसत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, तिच्या मनात आलं. आईला तिने छान झालंय म्हणून सांगितलं.

कन्फर्मेशनच्या रविवारी पाऊस होता, म्हणून कोट घालणं साहजिकच होतं. चर्चच्या दाराशी सगळ्यांनी कोट उतरवून खुंट्यांना लावले. ओड्वारनेही लावला. तोरुन म्हणाली की तिला थंडी वाजते आहे. आत तीनशे माणसं, गरम हवा, ओल्या लोकरीचा वास. तिच्या कपाळावर घाम होता. आस्लाउग शेजारी बसली होती, बुनाडाची चांदीची कडी लखलखीत घासून. तिने कोटाकडे एकदा बघितलं आणि स्तोत्राचं पुस्तक उघडलं.

मुलं पांढरे झगे घालून एकेक करून पुढे जात होती. नाव पुकारलं की मूल वेदीपुढे गुडघे टेकायचं, पाद्री डोक्यावर हात ठेवायचे, आणि तेवढा वेळ घरचे लोक जागेवर उभे राहायचे. पुढच्या बाकांवरून बुनाड उठत होते आणि बसत होते. तोरुन प्रत्येक आईची काख बघत होती. स्वतःची तिला शरम वाटली, पण नजर हटेना.

सुनिव्हाचं नाव आलं. तिघं उठली.

“कोट काढ,” आस्लाउग हलकेच म्हणाली. “शिवण माझी आहे. नावं ठेवायची तर लोक मला ठेवतील.”

तोरुनने पहिलं बटण सोडलं. दुसरं ओलं होऊन अडकलं होतं. ते सुटलं तेव्हा पाद्र्यांचा हात सुनिव्हाच्या डोक्यावर होता. तिसरं सोडून तिने एक हात बाहेर काढला, दुसरी बाही मनगटाच्या चांदीच्या बटणात गुंतली. ती ओढत असतानाच प्रार्थना संपली. सुनिव्हा उठून वळली आणि तिने मागे बघितलं. बाबा, आजी, आणि अर्धा कोट अंगावर घेऊन बाहीशी झटापट करणारी आई. मग पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं आणि सुनिव्हा खाली बघत जागेवर जाऊन बसली. बाही सुटली तेव्हा बाकावरची दोघं बसली होती. तोरुन एकटीच उभी होती, हिरवी चोळी घालून, दुसऱ्या कुणाच्या तरी मुलासाठी.

बाहेर पाऊस थांबला होता. तिने कोट पुन्हा घातला नाही. दोघीतिघींनी चोळी जवळून बघितली. एक म्हातारी पाचरीवर बोट फिरवून आस्लाउगला म्हणाली की पानं सुरेख भरलीस. बाकी कुणाचं लक्षही नव्हतं. सुनिव्हा झगा उतरवून नव्या बुनाडात आली, फोटो झाले, आणि मैत्रिणींकडे जाता जाता ती आईपाशी थांबली.

“तू कोट का घालून बसलीस?”

“काढत होते गं.”

“मी मैत्रिणींना सगळ्यांना सांगून ठेवलं होतं,” सुनिव्हा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “म्हटलं, माझं नाव आलं की मागे बघा. दोन हिरव्या रंगांची चोळी घालून उभी राहील ती माझी आई. त्या म्हणाल्या, कुणीच दिसली नाही.”

ती मैत्रिणींकडे गेली. तोरुनने ओला कोट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला आणि आईकडे बघायचं टाळलं.