झाडलेली राई

भाद्रपदात अकोले तालुक्याच्या डोंगरात धुकं असं उतरतं की समोरचा माणूस आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. त्या धुक्यातून मी, दया, सावेडीच्या एका शाळेतली इंग्रजीची बाई, नॉर्वेहून आलेल्या इंग्रिडच्या मागे चालत होते. तिची दुभाषी म्हणून मी दोन दिवसांची रजा काढली होती. खरं सांगायचं तर मला डोंगर चढणं मुळीच आवडत नाही. पण त्या सकाळी झोपेतच चालल्यासारखं वाटत होतं, आणि जागं व्हावंसंही वाटत नव्हतं.

इंग्रिडची संस्था देशोदेशीच्या अभयारण्यांना मदत करते. इथल्या अभयारण्याच्या हद्दीत एक जुनी देवराई आहे. तिच्या पाचोळ्यात नखाएवढी बेडकं राहतात. त्यांना तळं लागत नाही, अंडीसुद्धा ओल्या पानांखालीच घालतात. इंग्रिडनं ती मोजायची, आकडा कागदावर लिहायचा, आणि मग राई राखणाऱ्या बनुबाईला बारमाही पगार सुरू व्हायचा, असं ठरलं होतं. आजवर बनुबाई दसऱ्यापर्यंत राई राखायची आणि मग पोटासाठी डोंगर उतरून ओतूरकडे कांदालागणीला जायची. मागे चार महिने राई उघडी. हौशे-नवशे येऊन तंबू ठोकायचे, चुली पेटवायचे, फांद्या तोडायचे.

राईच्या तोंडाशी बनुबाई उभी होती. साठीची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, चेहऱ्यावर वरमाईचा तोरा.

"चपला हितंच काढा," ती म्हणाली.

खाली बघते तर रांगोळी! मला हसू आलं. दोन पावलं आत गेल्यावर ते हसू कुठल्या कुठे पळालं.

सगळी राई झाडून काढलेली होती. तांबडी, गुळगुळीत जमीन आणि तिच्यावर खराट्याच्या रेघा. हिरडे, जांभळी, आंबे धुक्यात गप उभे होते. त्यांच्या पायाशी एक पान नव्हतं.

"तीन दीस लागलं," बनुबाई कौतुकानं म्हणाली. "वाडीतल्या समद्या बाया लावल्या. इतक्या लांबनं मानूस येनार, आन् हितं पायात कचरा? बरं दिसतं व्हय?"

इंग्रिडनं दोरीचे चौकोन आखले, गुडघे टेकून पाहिलं. एक चौकोन, दुसरा, सातवा. काही नाही. मग तिनं मला हळूच विचारलं, "हे कोणी केलं?"

वाऱ्यानं गेलं, पावसानं वाहून नेलं, असं काहीबाही माझ्या जिभेवर आलंही होतं. बावीस वर्षं पोरांच्या सबबी ऐकलेल्या बाईला सबब शोधावी लागत नाही. पण बनुबाईनं इंग्रिडचा चेहरा पाहिला होता.

"बाई, काय चुकलं?"

मी बेडकांचं सांगितलं. तिनं खराट्याच्या रेघांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तिला सांगा, म्याच झाडलं. बायांवर नगं."

मी तसंच सांगितलं. इंग्रिडनं विचारलं, पानं जाळली का?

"जाळत्यात व्हय?" बनुबाई चमकली. "राईतली काडीबी भाईर नेत न्हाईत. देवीचं हाय ते. तिकडं आतच कडंला लावलंय."

कडेला छातीइतका ढीग होता. इंग्रिडनं त्यात अलगद हात घातला. बाहेर आला तेव्हा तळव्यावर एक बेडूक बसलं होतं, तपकिरी, डोळे मिचकावत. आम्ही तिघी त्याच्याकडे बघत राहिलो.

मग बनुबाईनं बायांना हाका मारल्या. पाट्या आल्या. दुपारभर आम्ही पानं परत पसरत होतो, निजलेल्या लेकरावर वाकळ घालावी तशी, हलक्या हातानं. धुक्यात कोण कुठे आहे ते दिसत नव्हतं, नुसती सळसळ ऐकू यायची. मी इंग्रजी विसरले, शाळा विसरले. इतकं सुख मला कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

सगळं पसरून झाल्यावर इंग्रिड बोलली. आखलेल्या चौकोनांतलीच बेडकं मोजायची असा नियम, आणि हलवलेली पानं मुरायला वर्ष लागतं. शून्य लिहिलं तर मदत कायमचीच गेली, आणि ते लिहायला तिचा हात धजत नव्हता. म्हणून कागद कोरा ठेवून ती पुढच्या पावसाळ्यात परत येणार होती. तोवर पगार सुरू होणार नव्हता.

मी सांगितलं. बनुबाईनं पायाशी गोळा झालेली दोन पानं सारखी केली.

"म्हंजी औंदाबी कांद्याला जायाचं," ती म्हणाली. "राई उघडीच."

मला राग आला, पण कोणावर काढणार? इंग्रिडचेच डोळे भरले होते. बनुबाईनं ते पाहिलं, हात झटकून उठली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तिला म्हना, पुढल्या साली जरूर ये. पन येनार हाय ते आमाला कळवू नगं. पावना येनार म्हनलं का आमचं हात गप बसत न्हाईत."