न मरणारा पोस्टमन

लोर्ना आमच्यात आली तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय, ते आजतागायत. लपवत नाही मी.

इंग्लंडातल्या हॅलिफॅक्स गावात लोकरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी आणि स्टुअर्टने कंपनी काढली. कॉम्प्युटरचे खेळ लिहायचे, कॅसेटवर भरायचे, विकायचे. लिहायचो मी, बोलायचा स्टुअर्ट. झकास चाललं होतं. मग त्याने ही लोर्ना टिडस्वेल आणली. आधी शाळेत गणित शिकवायची. आल्या आल्या तिने कुत्र्यांपासून पळणाऱ्या पोस्टमनचा खेळ लिहिला आणि स्टुअर्ट दिवसभर खिदळत तोच खेळत बसला. माझ्या ‘शनीचा किल्ला’ या खेळासाठी मी वर्षभर बोटं झिजवली होती. स्टुअर्ट तो बघून म्हणाला, "चांगलाय, माल्कम." चांगलाय! शेजाऱ्याच्या परसातल्या कोबीला म्हणतात तसं.

नाताळला एकच खेळ काढणं परवडणार होतं. ज्याचा निघेल त्याचं नाव कॉम्प्युटरच्या मासिकात येणार. ते नाव मला माझं हवं होतं, बस्स. स्टुअर्टने पोस्टमन निवडला.

"वाईट वाटून घेऊ नकोस हं," लोर्ना म्हणाली. "तुझा जरा अवघड आहे ना."

"हो ना, डोकं लागतं त्याला."

"अच्छा! म्हणून मला झोप आली होय!" म्हणाली आणि स्टुअर्ट हसला. त्याला हसायची काही गरज होती?

जिच्यावरून प्रती काढतात ती मूळ कॅसेट कारखान्यात जायच्या दिवशी दुपारी ती दोघं व्हिनेगर मारलेले गरम चिप्स आणायला खाली गेली. मी पोस्टमन लावला. चूक शोधायलाच लावला, दुसरं कशाला? पहिल्याच गल्लीत कुत्रं चावलं. मेला. परत चावलं, परत मेला. वैतागून मी कीबोर्डवर पंजा आपटला आणि काय, पोस्टमन मरेचना! कुत्री लचके तोडतायत आणि गडी आपला पत्रं टाकत चाललाय.

मग ट्यूब पेटली. खेळ लिहिताना सारखं मरून पहिल्यापासून सुरुवात करायला नको, म्हणून आम्ही सगळेच एक चोरवाट ठेवतो. ठरलेली दोन बटणं एकदम दाबली की मरण नाही. कारखान्यात पाठवण्याआधी ती काढून टाकायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. आणि गणिताच्या बाई तोच विसरल्या होत्या! आमच्या हॅलिफॅक्सच्या फुटबॉल संघाने कप जिंकला असता तरी मला एवढा आनंद झाला नसता.

ती दोघं जिन्यात असतानाच मी ओरडलो, "चोरवाट तशीच आहे! बाईसाहेबांनी दार सताड उघडं टाकलंय!"

लोर्नाचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा! राहिलंच की. थांबा, काढते मी."

"आता कधी काढणार? गाडी येईल एवढ्यात. माझा किल्ला तयार आहे, तोच पाठव, स्टुअर्ट."

स्टुअर्ट चिप्स चघळत कॉम्प्युटरला जोडलेल्या टीव्हीसमोर बसला. दोन बटणं दाबून बघितली. मग हसतच सुटला.

"काही काढू नका! अरे, पोरं वेडी होतील ही वाट शोधायला. मासिकवाल्यांना आपणच हळूच सांगू. माल्कम, लेका, हिरा आहेस तू!"

लोर्नाने तर मला मिठीच मारली. व्हिनेगरचा वास येत होता तिच्या हातांना.

नाताळाच्या आधी मासिक आलं. पानभर पोस्टमन, वर लोर्नाचा हसरा फोटो. कॅसेटी कारखान्यातून येईपर्यंतच संपत होत्या. किल्ला अजून माझ्या खणातच होता.

रविवारी आईकडे जेवायला गेलो, तर तिचं ते पान आख्ख्या गल्लीला दाखवून झालेलं. खालच्या कोपऱ्यात बारीक चौकट होती: ‘पोस्टमनला अमर करायची युक्ती. शोधणारा: माल्कम ऑगडेन.’

"नाव आलं रे माझ्या सोन्याचं!" आईने माझ्या ताटात आणखी एक बटाटा वाढला. मग चष्मा वर करून फोटोकडे बघत म्हणाली, "पोरगी हुशार दिसते हो. तुझ्या हाताखाली असते ना?"

"हो," मी म्हणालो आणि बटाटा तोंडात कोंबला.