बादशाह यंदा सदरला जाणार नाही

दिवाळी सरली की गौलीगुड्यातले गवळी आपापल्या रेड्यांना तेल चोपडतात, हार घालतात, घुंगरू बांधतात आणि ढोल लावून मिरवतात. ही सदर. मल्लेश यादवचा रेडा बादशाह दरवर्षी सगळ्यांच्या पुढे चाले. यंदा तर केबलवाला कॅमेरा लावणार होता, आणि नेमका आदल्या सकाळी बादशाह लंगडायला लागला.

"घुंगरू टाइट झाले, बस," मल्लेश म्हणाला. "ताकदीची सुई द्या, डॉक्टरम्मा."

जनावरांच्या दवाखान्यात नुकत्याच रुजू झालेल्या सुलभानं त्याच्या पायातल्या घुंगरांच्या पट्ट्याखाली बोट घातलं. चांगले सैल होते. तिनं वर पाहिलं. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. बादशाह नुसताच मचमच करत होता आणि पुढ्यातला चारा तसाच पडला होता. अंगात ताप होता. जीभ ओढून पाहिली तर वरची साल निघालेली, कडेला एक फोड अजून पाण्यानं टम्म. खुरांच्या बेचक्यातही तसेच फोड. अगदी पुस्तकातल्यासारखे! तिला क्षणभर आनंदच झाला, मग आनंद झाल्याची लाज वाटली.

"लाळ्या-खुरकूत आहे. उद्या हा जाणार नाही."

"मरेल?"

"छे, बरा होईल. पण मिरवणुकीत नाकाला नाक लागलं की शहरभरच्या म्हशी लाळ गाळतील."

"एकच चक्कर, अम्मा. तोंड बांधतो ना."

"आणि तुमच्या चपलांना लागलेली लाळ?"

"अफझलगंजचा हिम्मतराव बोलेल, मल्लेश डर गया."

"मग त्याचाही रेडा आजारी पाडा. बोलायला तोंड राहणार नाही."

मल्लेशला हसू फुटलं. मग तो बराच वेळ बादशाहच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि शेवटी खाली वाकून त्यानं स्वतःच घुंगरू सोडले.

सुलभानं जीभ धुऊन औषध लावलं, पातळ कांजी पाजायला सांगितली, गल्लीच्या तोंडाशी दोरी बांधली. बूट धुऊन ती बाहेर पडली आणि तिनं एसटीडी बूथवरून हिम्मतरावांना फोन लावला.

"अहो, दरसाल आमचा रेडा बादशाहला भेटतो!"

"यंदा लांबूनसुद्धा नको."

दुसऱ्या संध्याकाळी हिम्मतराव रेडा घरी ठेवून फक्त ढोलवाल्यांना घेऊन आले. दोरीपलीकडून ओरडले, "मल्लेश, डरपोक! पुढच्या साली बघतो तुला!" आणि बादशाहसाठी आणलेला मोठा हार विजेच्या खांबाला घातला. केबलवाल्यानं खांबाचंच चित्रण केलं.

ढोल वाजला, तसा गोठ्यात बादशाह पुढचे पाय उचलू लागला.

"खाली ठेव रे!" सुलभा आतून ओरडली. "पाय दुखतोय ना तुझा?"