यादव पेंटरचं झाकलेलं नाव

मित्रांनो, मी खारीच्या केसांचा एक जुना ब्रश आहे. केस निम्मे झडले, पण मनातला राग काही गेला नाही. तो कशाचा, ते ऐका.

यादव पेंटरांनी मला १९७४ साली नाशिकच्या मेनरोडवरून आणलं. त्यांच्या हातात मी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, शाळांच्या भिंती रंगवल्या. अक्षर असं ठसठशीत, की ओझरहून बोलावणं येई. काम संपलं की ते मला घासलेटात धुऊन, केस बोटांनी सारखे करून ठेवत.

१९८१ साली त्यांना 'म' आणि 'भ' वेगळे दिसेनात. डॉक्टर म्हणाले, "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही." वर्षभरात उरलीसुरलीही गेली. गिऱ्हाइकं तर त्याआधीच गेली होती.

यादव महिनाभर घरात बसून राहिले. मग एका सकाळी त्यांनी घराच्या भिंतीवर दोन खिळे ठोकले, सुतळी ताणली आणि तिच्यावरून डावा हात सरकवत शिरोरेषा ओढली. पत्नी कुसाबाई शेजारी उभ्या राहून सांगत, "अहो, काना घसरला. हां, आता बरोबर." चार महिन्यांत अक्षर पुन्हा उभं राहिलं.

वस्तीतल्या नव्या वाचनालयाची पाटी त्यांनी मागून घेतली. तीन दिवस खपून रंगवली, कोपऱ्यात 'यादव पेंटर' असं लिहिलं. उद्घाटनाला मी घरीच होतो; पुढचं कुसाबाईंच्या तोंडून ऐकलं. जो तो म्हणे, "वा! काय अक्षर आहे!" यादवांनी पाटीवरून हात फिरवला. कोपऱ्याशी बोटं थबकली. नव्या रंगाखाली त्यांच्या नावाचे उंचवटे लागत होते.

"माझं नाव कुणी झाकलं?"

वाचनालयाचे सेक्रेटरी निवृत्तीराव हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. आंधळ्याकडून पाटी करून घेतली म्हणून लोक हसतील."

"मग आत्ता वा वा करत होते ते कोण?" यादव कडाडले. "कुसा, घरून ब्रश आणि लाल रंग आण!"

"अहो, पाहुणे खोळंबलेत..."

"खोळंबू देत!"

सगळ्यांदेखत त्यांनी माझ्याकडून नाव पुन्हा लिहून घेतलं, पहिल्याच्या दुप्पट. सुतळी नव्हती, ओळ जराशी वाकडी गेली. कुसाबाईंनी ती तशीच राहू दिली.

मित्रांनो, झिजलेला ब्रश खुशाल टाकून द्या. पण डोळे गेले म्हणून माणसाचं काम ठेवून घेऊन नाव तेवढं टाकून देऊ नका. पाटी वाचाल तेव्हा खालचा कोपराही वाचत जा.